गोड विहीर टाकून मचूळ बोअर

प्रश्न : डॉक्टरसाहेब, ठाण्याच्या दिवा गावाच्या बाजूला, डोंगर आणि खाजण (खाडीकाठची खारी दलदल) यांच्या मधल्या गावात आमचा 14 म्हशींचा तबेला आहे. 11 दुधात, 3 आटलेल्या. गोठ्यामागे आजोबांच्या हातची विहीर आहे, पाणी गोड. पण दोन पावसाळे वासरांना हगवण लागली, म्हणून ती बंद केली आणि गेल्या वर्षी खाजणाकडे 220 फूट बोअर मारली. पाणी काचेसारखं स्वच्छ, पण एप्रिलपासून मचूळ लागतं. म्हशी नाक लावून मागे सरतात. दूध दिवसाला 15-16 लिटरने घटलंय. महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं, त्यात 1,500 लिटरची टाकी भरते. संध्याकाळचं दूध डेअरीवर दोनदा नासलं. तपासणीचे कागद जोडलेत. एक जण मोठं आरओ बसवून देतो म्हणतोय. आकडा ऐकून बाबा गप्प झालेत. घ्यावं का?

उत्तर : नका घेऊ. बाबा गप्प झाले ते बरोबरच झाले.

आधी हिशेब बघा. उन्हाळ्यात दुधातली म्हैस दिवसाला 80 ते 100 लिटर पाणी पिते, आटलेली साधारण 50. तुमच्याकडे नुसतं पिण्याचंच पाणी 1,100 लिटरच्या वर लागणार. स्वयंपाकघरातलं आरओ तासाला 12-15 लिटर देतं. म्हणजे तुम्हाला कारखान्यातलं यंत्र लागेल. ते गोड पाणी देताना निम्म्याच्या आसपास पाणी आणखी खारट करून बाहेर फेकेल, आणि ते टाकणार कुठे? पुन्हा खाजणातच. शिवाय उन्हाळ्यात बोअर जितकी ओढाल तितकी खाडी आत सरकते. यंत्राची जाळी धूत बसाल आणि पाणी खारटच होत जाईल.

तुमचे कागद दोनदा वाचले. बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला 4,200 मिलिग्रॅम. विहिरीचा 380, पण नायट्रेट 68 आणि ई-कोलाय, म्हणजे शेण-विष्ठेतला जंतू, सापडलेला. म्हणजे जे पाणी स्वच्छ दिसतं ते खारट आहे आणि जे गोड आहे ते घाण आहे. खारट पाणी गोड करायला पैसा ओतावा लागतो. घाण पाणी मात्र फावडं, सिमेंट आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर यांनी बहुतेक सुधारतं. तुम्ही टाकायची ती टाकली नाही आणि ठेवायची ती ठेवली नाही.

याच बाबतीत मीही एकदा तोंडघशी पडलोय. नोकरीत असताना शहापूरकडच्या एका गोठ्यात महिनाभर वासरांच्या हगवणीवर औषधं देत होतो. थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. एक दिवस हात धुवायला हौदात हात घातला तर भिंत कोपरापर्यंत बुळबुळीत. तळाला वीतभर हिरवा चिखल, त्यात कुजलेला पेंढा. आणि हौदात पाणी यायचं त्या विहिरीच्या काठापासून उकिरडा जेमतेम दहा पावलांवर! औषधाच्या बाटल्यांवर त्या माणसाने किती खर्च केला ते आठवलं की अजून लाज वाटते. तुम्ही पत्रात उकिरड्याचं काही लिहिलेलं नाही, पण नायट्रेटचा आकडाच सांगतो की तो जवळ आहे. शेण आणि मूत जमिनीत मुरलं की नत्राचं नायट्रेट होतं आणि ते पाण्याबरोबर सरळ खाली जातं.

विहिरीपासून शेणखड्डा निदान 15 मीटर लांब हवा, तोही उताराच्या खालच्या अंगाला. आपल्याकडे खाली काळा कातळ आहे. त्याच्या भेगांतून पाणी वाळूतल्यासारखं गाळून येत नाही, नळातून यावं तसं येतं. म्हणून 15 मीटरवर समाधान मानू नका, जागा असेल तेवढा लांब न्या. काठ तीन फूट उंच करा, भोवती पाच-सहा फुटांचा सिमेंटचा ओटा बाहेरच्या बाजूला उतार देऊन घाला आणि बांधकामाचा वरचा आठ-दहा फुटांचा भाग आतून गिलावा करून घ्या, म्हणजे पावसाचं पहिलं पाणी पडवीतून थेट आत उतरणार नाही. वर जाळी. गाळ मे महिन्यातच काढा.

मग टीसीएल. विहिरीचा व्यास 3 मीटर आणि पाण्याची उंची 4 मीटर धरली तर आत सुमारे 28,000 लिटर पाणी होतं. 33 टक्के क्लोरीनची ताजी पावडर 1,000 लिटरला 5 ग्रॅम या मापाने सुमारे 140 ग्रॅम. बादलीत कालवा, खडे बसू द्या, वरची निवळी विहिरीत ओता. अर्ध्या तासाने ओटी चाचणीत (क्लोरीन उरलंय का ते दाखवणारे थेंब टाकून) पाणी पिवळसर झालं पाहिजे. नाही झालं तर पावडर तरी मेलेली आहे नाहीतर घाण जास्त आहे. ठाण्याच्या दमट हवेत उघडी गोणी दोन महिन्यांत निकामी होते, घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. एवढ्या क्लोरीनने म्हशीचं पोट बिघडत नाही, ती भीती सोडा.

नायट्रेट मात्र टीसीएलने जात नाही, आणि उकळल्याने तर वाढतं. 68 हा आकडा मोठ्या म्हशींना घातक नाही. पण माणसांच्या पिण्याची मर्यादा 45 आहे. शेजारपाजारी कुणी त्या विहिरीचं पाणी नेत असेल आणि त्यांच्या घरात बाटलीवरचं तान्हं मूल असेल, तर त्याच्या दुधाच्या पावडरीत हे पाणी घालू नये, हे आजच सांगा. उकिरडा हलवल्यावर आकडा उतरायला एक-दोन पावसाळे जातात.

विहीर तयार होईपर्यंतचं असं करा. महापालिकेचं पाणी दिवसाला 750 लिटर पडतं. त्यातलं 150 कॅन, बादल्या आणि कास धुण्यासाठी राखून ठेवा, त्याला दुसरं कुणी हात लावायचा नाही. उरलेल्या 600 लिटरमध्ये 540 लिटर बोअरचं मिसळा. नळाच्या पाण्याचा टीडीएस 120 धरला तरी मिश्रण 2,050 च्या आसपास येतं. 3,000 पर्यंत म्हशी पितात, सुरुवातीला शेण थोडं पातळ होईल. 5,000 च्या पुढे गाभण आणि दुधातल्या म्हशींना ते पाजूच नये. पेंडीत मीठ घालता का? घालत असाल तर या दोन महिन्यांत कमी करा. जमीन धुवायला आणि म्हशींवर पाणी मारायला बोअर आहेच.

दूध नासायचा दोष मला कॅनमध्ये दिसतो. शेवटची खळखळ कुठल्या पाण्याने करता ते सकाळ-संध्याकाळ उभं राहून बघा. आधी साध्या पाण्याने खळखळून घ्या. पहिल्यांदाच कढत पाणी घातलं की दूध पत्र्याला चिकटून बसतं. मग गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. शेवटी 10 लिटर पाण्यात 6 ग्रॅम टीसीएलची निवळी आणि कॅन उलटा टाकून कोरडा. कास धुतल्यावर पुसून कोरडी करा, ओल्या सडावर धार काढू नका. विहिरीचं कच्चं पाणी कासेला लागलं तर दगडीला (कासेच्या सुजेला) आमंत्रण आहे.

ऑगस्टमध्ये विहिरीचं पाणी पुन्हा तपासा. जंतूंसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच घ्या, बर्फात ठेवून सहा तासांत पोचवा. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेलं पाणी तपासून काही कळत नाही. नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या.

प्रश्न : बेलापूर गावठाणात आमच्या तीन गाई आहेत. दुपारी टाकीचं पाणी अजिबात पीत नाहीत, रात्री मात्र ढोसतात. पाणी तपासून घेऊ का?

उत्तर : आधी दुपारी दोन वाजता त्या पाण्यात हात घाला. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून आणि उन्हात पडलेल्या पाइपमधून येणारं पाणी मे महिन्यात चहासारखं गरम असतं. टाकीवर गवताचं छप्पर करा, पाइप ओल्या गोणपाटात गुंडाळा, हौद सावलीत आणा आणि आठवड्याला घासून आतून चुना लावा. एवढं करूनही दुपारी तोंड लावलं नाही, तर मग नमुना घ्या.