समाजकार्य करणारा माणूस दिल्लीच्या राजकारणात गेला की त्याचं मूळ काम सुटतंच का?

तुम्ही एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, शेवटच्या वर्षाला आहात आणि विचारताय की वस्तीत काम करणारा माणूस निवडणूक लढवून दिल्लीला गेला, तर त्याचं मूळ काम सुटतंच का. माझं उत्तर आहे, सुटेलच असं नाही. मी गोरेगावात वाढलो, त्यामुळे उदाहरण शोधायला मला लांब जावं लागत नाही. मृणाल गोरे. आमच्याकडे नुसतं 'मृणालताई' म्हटलं की पुरे.

जन्म १९२८ चा, माहेरचं आडनाव मोहिले. डॉक्टर व्हायचं म्हणून वैद्यकीय शिक्षण घेत होत्या, पण राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी चळवळीने ओढून घेतलं आणि ते शिक्षण अर्धवट राहिलं. केशव गोरे, म्हणजे बंडू गोरे, यांच्याशी लग्न झालं आणि दोघं गोरेगावात कामाला लागली. १९५८ साली बंडू गोरे गेले. मृणालताई तेव्हा तिशीच्या, पदरात लहान मुलगी. घर सांभाळून बसल्या असत्या तरी कुणी बोललं नसतं. त्या मात्र १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून गेल्या.

आणि मग पाणी. हे आज नीट समजावून सांगावं लागतं. तेव्हाची उपनगरं म्हणजे नळाला पहाटे केव्हातरी करंगळीएवढी धार, तिच्यापुढे हंडे-कळशांची रांग, आणि रांगेत फक्त बायका. या प्रश्नावर त्यांनी हंडा मोर्चे काढले, अधिकाऱ्यांना घेराव घातले, सभागृहात पिच्छा पुरवला. 'पाणीवाली बाई' हे नाव त्यातूनच पडलं. माझ्या मते त्यांचं सगळं राजकारण या नावात आलं. लोकांनी त्यांना पक्षाच्या नावाने ओळखलं नाही, कामाच्या नावाने ओळखलं.

१९७२ चा दुष्काळ. गोडेतेल, साखर, रॉकेल, सगळंच महाग, आणि पैसे मोजूनही मिळेल याची खात्री नाही. मृणालताई त्याच साली विधानसभेवर निवडून आल्या होत्या. कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर आणि इतर पक्षांतल्या बायकांना बरोबर घेऊन त्यांनी महागाईविरोधात एकत्र समिती उभी केली, आणि त्यातून लाटणं मोर्चा निघाला. माझी आई त्यात होती. ती काही कुठल्या पक्षाची नव्हती. शेजारच्या काकू निघाल्या म्हणून हीही निघाली. जेवणाचं ताट आणि लाटणं घेऊन गेली आणि संध्याकाळी परतली तेव्हा लाटण्याला उभी चीर गेलेली होती. पुढे कित्येक वर्षं त्याच लाटण्याने पोळ्या व्हायच्या आणि पोळीवर चिरेची बारीक रेघ उमटायची. आई ती रेघ दाखवून मोर्चाची गोष्ट सांगायची. ज्या बाईने कधी सभेला पाऊल ठेवलं नव्हतं, ती रस्त्यावर उतरली. समाजकार्य शिकताना 'लोकसंघटन' हा शब्द तुम्ही वाचला असेल. मी तो असा पाहिला.

आणीबाणीत त्या आधी भूमिगत राहिल्या, मग तुरुंगात गेल्या. १९७७ साली उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. तिकडे रायबरेलीत खुद्द इंदिरा गांधी पडल्या होत्या, म्हणून घोषणा झाली : 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!' नवे पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी त्यांना आरोग्य खात्याचं मंत्रिपद देऊ केलं होतं. त्यांनी ते घेतलं नाही. याबद्दल मला त्यांचा आदर आहेच, पण खरं सांगायचं तर थोडी हळहळही वाटते. वैद्यकीय शिक्षण सोडून वस्तीत आलेली बाई देशाची आरोग्यमंत्री झाली असती तर काय घडलं असतं, हा विचार मनातून जात नाही. जनता सरकार कोसळलं, १९७९ मध्ये लोकसभा बरखास्त झाली आणि दिल्लीचा अध्याय तिथेच संपला. उणीपुरी अडीच वर्षं.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्याच्या पुढच्या वर्षांत आहे. १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत गेल्या. गर्भजल परीक्षा करून, म्हणजे गर्भाभोवतीचं पाणी तपासून मुलगा की मुलगी ते ओळखून, मुलींचे गर्भ पाडण्याचा प्रकार तेव्हा उघड चालायचा. स्त्री संघटना रस्त्यावर होत्याच, मृणालताईंनी सभागृहात त्याविरुद्ध अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारने नव्हे तर आमदाराने स्वतः मांडलेलं विधेयक, आणलं. १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला, असा कायदा करणारं देशातलं हे पहिलं राज्य. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडलं. खासदारकीपेक्षा माझ्या लेखी हे काम मोठं आहे.

दुसरं काम दिंडोशीचं. शहरात एकाकडे किती मोकळी जमीन असावी याची मर्यादा घालणाऱ्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याखाली अतिरिक्त ठरणारी जमीन गरिबांच्या घरांसाठी वापरा, असं कायदाच म्हणत होता. बाबूराव सामंतांसारख्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी नागरी निवारा परिषद उभी केली आणि हा मुद्दा धसास लावला. कोर्टकचेऱ्या झाल्या, सरकारदरबारी खेटे झाले, पण अखेर गोरेगाव पूर्वेला कमी उत्पन्नाच्या ६ हजारांहून अधिक कुटुंबांना हक्काची घरं मिळाली. मुंबईत! माझी मावशी त्यातल्याच एका घरात राहते.

तुम्ही निवडणूक लढवावी की नाही, हे मी कसं सांगणार? पण मृणालताईंकडे बघून एक गोष्ट मला पक्की वाटते. नगरसेविका असोत, आमदार असोत की खासदार, त्यांच्याकडे सभागृहात मांडायला वस्तीतला प्रश्न असायचाच, आणि सभागृहात काय झालं ते सांगायला त्या वस्तीत परत यायच्या. ज्यांचं काम सुटलं असं तुम्हाला दिसतं, त्यांची ही ये-जा आधी थांबली होती का, ते तपासून बघा.

आणि एक करा. विधानमंडळाच्या ग्रंथालयात कामकाजाचे जुने खंड असतात. रीतसर परवानगी काढून १९८५ नंतरचे खंड चाळा आणि गर्भजल परीक्षेवरची चर्चा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा. तुमच्या प्रबंधालाही उपयोग होईल.