पेवात उतरण्याआधी कंदील

नवा धंदा काढू पाहणारी किंवा चालू धंदा वाढवू पाहणारी माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. "अजून किती विचार केला म्हणजे पुरे?" घाईघाईत पैसे घालवलेला माणूस समुपदेशकाकडे क्वचितच येतो. येतो तो विचार करून करून दमलेला. अशाच एका सांगलीच्या तरुणाची ही हकीगत, त्यांच्या संमतीनं लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आपण त्यांना अमोल म्हणू.

अमोल २०२२ च्या जानेवारीत आले, तेही पत्नीनं पाठवलं म्हणून. तक्रार झोपेची होती. पहाटे तीनला जाग यायची आणि मग लॅपटॉप उघडायचा. वय बत्तीस, कुपवाडच्या एमआयडीसीत चांगली नोकरी. पहिल्या लॉकडाऊनमध्ये त्यांच्या मनात आलं होतं की सांगलीची हळद दळून स्वतःच्या नावानं पाकिटातून विकावी. कल्पनेत वावगं काही नव्हतं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण दोन वर्षांत त्यांनी एकही पाकीट विकलं नव्हतं. तयार होत्या त्या एक्सेलच्या ४१ शीट, राजकोटहून मागवलेली पल्व्हरायझरची, म्हणजे दळणयंत्राची, चार कोटेशनं आणि लोगोचे नऊ नमुने.

"बायको म्हणते, एक तर धंदा काढा, नाहीतर त्याचा विषय काढू नका," ते म्हणाले. बोलताना मान खाली होती.

मी त्या शीट नीट पाहिल्या. मेहनत खरोखर मोठी होती, आणि ते मी त्यांना सांगितलंही. मग विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत जी माहिती जमवलीत, तिच्यामुळे तुमचा कुठला निर्णय बदलला?" ते बराच वेळ शीट खालीवर करत राहिले. शेवटी म्हणाले, "एकही नाही."

हा प्रश्न मी जवळजवळ प्रत्येकाला विचारते. जमवलेल्या माहितीनं एखादा निर्णय बदलत असेल, पुढे सरकत असेल, तर तिचा उपयोग होतोय. तसं होत नसेल तर ती माहिती दुसरंच काम करत असते, बहुतेक वेळा भीती गप्प बसवण्याचं. आणि भीतीला गप्प बसवायला रोज थोडी जास्त माहिती लागते. म्हणूनच "फार विचार करू नका, उतरा मैदानात" असं मी कुणालाही सांगत नाही. त्यानं भीती जात नाही, माणसाच्या हातातली काठी तेवढी जाते.

भीती कशाची होती, ते दुसऱ्या भेटीत कळलं. अमोलचे वडील, त्यांना घरात आबा म्हणतात, हळदीचा छोटा व्यापार करायचे. त्यांचा माल हरिपूरला पेवात असायचा. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे, आणि तिथल्या मातीत खणलेली पेवं हळदीच्या बाजारात प्रसिद्ध होती. पेव म्हणजे अरुंद तोंडाचं, जमिनीखालचं खोल कोठार. तोंड बंद केलं की आत हवा जात नाही, त्यामुळे हळदीला वर्षानुवर्षं कीड लागत नाही. २००५ च्या महापुरात पाणी त्या पेवांत शिरलं. आबांची साठ पोती गेली. व्यापार बंद झाला, आबा दुसऱ्याच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून लागले. अमोल तेव्हा पंधरा वर्षांचे होते. त्या वर्षांत घरात एक वाक्य अनेकदा ऐकू यायचं, "नीट विचार केला असता तर ही वेळ आली नसती."

पुराचं पाणी उतरलं, पण ते वाक्य घरात राहिलं. पंधरा वर्षांचा मुलगा त्यातून काय शिकला असेल? नुकसान झालं, म्हणजे विचार कमी पडला. म्हणून आपण इतका विचार करायचा की नुकसान होऊच नये. त्या ४१ शीट तिथून आल्या होत्या. त्यात २०१९ चा पूर आला, २०२१ चा आला, आणि दर वेळी शीट वाढल्या.

मी आबांना भेटायला बोलावलं. ते येतील असं अमोलना वाटत नव्हतं. ते आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मुलाचं सगळं बोलणं मध्ये न तोडता ऐकलं. मग म्हणाले, "हळद पेवात ठेवली ते चुकलं नव्हतं रे. माझा बाप ठेवायचा, आजा ठेवायचा. चुकलं ते सगळी एकाच ठिकाणी ठेवली, ते."

अमोल त्यांच्याकडे पाहतच राहिले. सतरा वर्षं घरात ज्याला विचाराची कमतरता म्हटलं गेलं, त्याला वडील वेगळंच नाव देत होते. त्यांचा निर्णय त्या काळी शहाण्या माणसानं घ्यावा असाच होता. तो फसला म्हणून तो अविचारी ठरत नाही. हे मी कितीही समजावून सांगितलं असतं तरी अमोलना पटलं नसतं. ते आबांच्याच तोंडून यायला हवं होतं.

आबा आणखी एक बोलले, आणि त्यानंतर हे उदाहरण मी अनेकांना सांगितलं आहे. "बंद पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही. आत हवा नसते, माणूस गुदमरतो. आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं, जळत राहिला तर उतरायचं. वर काठावर बसून किती का डोकं चालवा, आत हवा आहे का नाही ते कळत नाही."

हेच अभ्यासकांनीही वेगळ्या शब्दांत मांडलं आहे. हर्बर्ट सायमन यांना निर्णयप्रक्रियेवरच्या कामासाठी १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा चांगला पर्याय सापडला की थांबतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली काम केलेल्या सरस सरस्वती यांनी २७ अनुभवी उद्योजकांचा अभ्यास केला आणि २००१ मध्ये आपली मांडणी प्रसिद्ध केली. ही माणसं नफ्याच्या अंदाजापासून सुरुवात करत नाहीत. आपल्याला किती नुकसान सोसवेल, ते आधी ठरवतात. अमोलच्या ४१ शीटमध्ये पाच वर्षांच्या नफ्याचे आकडे होते. सोसवेल अशा नुकसानीचा आकडा कुठेच नव्हता.

तो आकडा नवरा-बायकोनं मिळून ठरवावा, असं मी सुचवलं. अमोल चाळीस हजार म्हणाले, पत्नी पंचवीस. वाद झाला, पण कामाचा झाला. तीस हजारांवर दोघांचं एकमत झालं. ते सगळे बुडाले तरी मुलीची फी आणि घराचा हप्ता थांबणार नव्हता. त्या रात्री पहाटे तीनला जाग आली नाही, असं अमोलनी पुढच्या भेटीत सांगितलं.

मग कंदील सोडला. दीड क्विंटल हळकुंड घेतलं, ओळखीच्या गिरणीतून दळून आणलं. अन्न सुरक्षेची नोंदणी त्या वेळी १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला वर्षाला १०० रुपयांत होत होती, ती केली. साधी पाकिटं, त्यावर वजन, किंमत, तारीख आणि नोंदणी क्रमांकाचं लेबल. लोगोशिवाय. विक्री कारखान्यातले सहकारी आणि पत्नीच्या भिशीतल्या बायका यांच्यात.

सहा आठवड्यांत जे कळलं ते दोन वर्षांत कळलं नव्हतं. अमोलनी शीटमध्ये विक्री बारा महिन्यांत सारखी वाटून टाकली होती. भिशीतल्या बायका शंभर ग्रॅमचं पाकीट हातात घेऊन विचारत होत्या, "चटणीसाठी किलोनं देता का?" आमच्याकडे वर्षाची चटणी, म्हणजे मसाला घालून कुटलेलं लाल तिखट, उन्हाळ्यात होते, मार्चपासून ते कुटून देणाऱ्या डंकांपुढे रांगा लागतात. हळदीची मोठी मागणी तेव्हाच, आणि तीही किलोनं. स्वतः अमोलच्या आई दर वर्षी डंकावर जातात. पण धंद्याचा विचार करताना हे अमोलच्या मनात आलंच नाही. दुसरं म्हणजे पाकिटाला पारदर्शक खिडकी असावी की नाही, यावर त्यांचे तीन महिने गेले होते. उजेडात ठेवलेल्या पारदर्शक पाकिटांतली हळद काही आठवड्यांतच फिकी पडली, आणि प्रश्न सुटला. पाकिटं नीट सील न झाल्यानं थोडा माल परतही आला. हिशेब केला तेव्हा साडेचार हजारांचा तोटा होता. मला काळजी होती की ते पुन्हा शीटकडे वळतील. त्यांनी तोट्याचा आकडा तीस हजारांशेजारी लिहिला आणि पुढची खरेदी केली.

घोटाळा झाला तो वेगळ्याच जागी. एप्रिलमध्ये ते उत्साहानं आले आणि सहा लाखांच्या यंत्रासाठी कर्ज काढतोय म्हणाले. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत तेव्हा ३५ टक्के अनुदान मिळत होतं, ते हातचं कशाला सोडायचं? हा निर्णय त्यांनी एका संध्याकाळी घेतला होता. अतिविचार करणाऱ्यांत हे मला वारंवार दिसतं. लेबल, नाव, रंग अशा उद्या बदलता येणाऱ्या गोष्टींवर महिने जातात, आणि कर्ज, राजीनामा, घर तारण यांसारख्या मागे न फिरवता येणाऱ्या गोष्टी कंटाळून एका झटक्यात उरकल्या जातात. इथे मी त्यांना थांबवलं. म्हटलं, आता काढा तुमच्या शीट. अनुदान मिळालं तरी उरलेल्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला जाणार. चटणीचा हंगाम संपल्यावरच्या नऊ महिन्यांत यंत्र काय दळणार? उत्तरासाठी तारीख ठरवली, १५ मे. त्याच्या आत चार किराणा दुकानदारांना विचारायचं आणि त्यानंतर नवी माहिती जमवायची नाही.

१४ मेला त्यांचा मेसेज आला. यंत्र या वर्षी नाही, गिरणीतूनच दळून घेणार, नोकरी चालू ठेवणार.

शेवटची भेट जूनच्या पहिल्या आठवड्यात झाली. पाऊस तोंडावर होता, आणि पुढच्या हंगामासाठी सहा क्विंटल हळकुंड घेतलं होतं. ते तीन ठिकाणी ठेवायचं ठरलं होतं, दोन क्विंटल घराच्या वरच्या मजल्यावर, दोन शीतगृहात, दोन तासगावला सासरी. आम्ही बोलत असतानाच आबांचा फोन आला. पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. अमोल हसून म्हणाले, "हो आबा, तासगावची आज पोचली. पावती घेतलीय."