वलयात बांधलेले सिलिकॉन

प्रश्न : केसांना लावायच्या सीरमच्या बाटलीवर घटकांच्या यादीत अगदी सुरुवातीलाच ‘सायक्लोपेंटासिलॉक्सेन’ असे छापलेले आहे. ते लावल्यावर केस तेलकट होत नाहीत आणि ओलसरपणाही थोड्या वेळाने नाहीसा होतो. हे तेल आहे की प्लास्टिक? केक भाजण्याच्या सिलिकोनच्या साच्यांशी त्याचा काही संबंध आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ते तेलही नाही आणि प्लास्टिकही नाही, साच्यांशी मात्र त्याचे नाते फार जवळचे आहे. (सिलिकॉन हे मूलद्रव्य आणि सिलिकोन हा सिलिकॉन-ऑक्सिजनच्या साखळ्यांचा पदार्थ; ही नावे अनेकदा एकमेकांच्या जागी वापरली जातात, म्हणून हा खुलासा.) सायक्लोपेंटासिलॉक्सेनच्या रेणूत सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे प्रत्येकी पाच अणू एकाआड एक जोडले जाऊन दहा अणूंचे वलय झालेले असते आणि प्रत्येक सिलिकॉनवर दोन मिथिल गट (एक कार्बन आणि त्याला जोडलेले तीन हायड्रोजन) असतात. या गटांनी वलय बाहेरून वेढलेले असल्यामुळे शेजारच्या रेणूंमधील आकर्षण क्षीण राहते. म्हणूनच उत्कलनांक सुमारे २१० अंश सेल्सिअस असूनही हा द्रव केसांवर पातळ पसरतो आणि हळूहळू उडून जातो.

तीन सिलिकॉनचे वलय सपाट आणि ताणलेले असते, त्यामुळे ते सहज उघडते. चार सिलिकॉनच्या वलयात ताण जवळजवळ नसतो. तरीही पोटॅशियम हायड्रॉक्साइडसोबत तापवले की तेही उघडते आणि अशी असंख्य वलये जोडली जाऊन लांब साखळ्या तयार होतात. ताण नसताना हे का घडावे, हा मला या रसायनशास्त्रातील सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. वलय उघडताना जितके सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तुटतात तितकेच नव्याने जुळतात, त्यामुळे ऊर्जेचा हिशेब जवळपास बरोबरीत सुटतो. परंतु लांब साखळीला वळण्या-वाकण्याची जी मोकळीक मिळते ती बंदिस्त वलयाला नसते, आणि ती मोकळीकच अभिक्रियेला पुढे नेते. अशाच साखळ्या ठिकठिकाणी एकमेकींना बांधल्या की आपल्या साच्याचे रबर मिळते.

ही वलये पाण्यात व गाळात दीर्घकाळ टिकतात, म्हणून युरोपीय संघाने चार आणि पाच सिलिकॉनच्या वलयांचे प्रमाण धुऊन टाकल्या जाणाऱ्या प्रसाधनांत २०२० पासून वजनाच्या ०.१ टक्क्याखाली आणले. अंगावर किंवा केसांवर तशीच राहू दिल्या जाणाऱ्या प्रसाधनांना हीच मर्यादा जून २०२७ पासून लागू होईल; आपले सीरम या दुसऱ्या प्रकारात मोडते.