खाराचा हिशोब

रक्तदाब असणाऱ्यांनी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. बहुतेकांचा सूर एकच : पाच ग्रॅम म्हणजे नक्की किती, आणि आमच्या सुक्या मासळीचं काय? त्यातल्या निवडक पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : घरात आम्ही चार मोठी माणसं. मीठ हाताच्या अंदाजानेच पडतं. माझा रक्तदाब १५०/९६ निघाला. कमी करायचं तर आधी किती खातो ते कसं कळणार?
— वेंगुर्ले तालुक्यातून

उत्तर : मिठाच्या पाकिटावरून. नवं पाकीट फोडाल त्या दिवसाची तारीख त्यावर पेनाने लिहा. मासे धुवायला, गुळण्यांना, लोणच्याला लागणारं मीठ वेगळ्या डब्यात काढा, नाहीतर हिशोब चुकतो. किलोचं पाकीट चौघांत ३० दिवसांत संपलं, तर माणशी रोज आठ ग्रॅमच्या थोडं वर. २५ दिवसांत संपलं, तर दहा ग्रॅम. त्यात पापड, लोणचं, फरसाण, पाव, खारी बिस्किटं आलेलीच नाहीत. ती धरून पाच ग्रॅमच्या आत राहायचं, तर स्वयंपाकात माणशी चार ग्रॅमच धरावेत. म्हणजे चौघांना महिन्याला अर्ध्या किलोचं एक पाकीट.

एकदम निम्म्यावर आलात तर घरात भांडण होईल आणि आठवड्यात मीठ पूर्वपदावर जाईल. रोज सकाळी दिवसभराचं मीठ एका छोट्या झाकणाच्या डबीत मोजून काढा आणि सगळा स्वयंपाक त्यातूनच करा. पाच मिलिलिटरचा सपाट चमचा बारीक मिठाने भरला की सुमारे सहा ग्रॅम होतात. आज डबीत साडेपाच चमचे (३३ ग्रॅम) जात असतील, तर दर पंधरा दिवसांनी दहावा हिस्सा कमी करा. साडेतीन महिन्यांत अडीच चमच्यांच्या आसपास याल. जीभ तेवढ्या सावकाशीने सरावते. खडे मीठ असेल तर चमच्यावर विसंबू नका. खड्यांच्या आकाराप्रमाणे वजन बदलतं, काट्यावर तोला.

फायदा किती? दिवसाला चार-साडेचार ग्रॅम मीठ कमी झालं की उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी पाचाने उतरतो. वयस्करांत बहुधा जास्त. तो औषधाच्या जोडीला आहे, औषधाऐवजी नाही. आणि एकदा घेतलेल्या मोजणीवर जाऊ नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसून, लघवीला जाऊन आल्यावर, त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री न घेता, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून दोनदा मोजा. दुसऱ्या एखाद्या दिवशी पुन्हा. १४०/९० किंवा त्याहून वर टिकून राहिला तर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवा.

प्रश्न : पावसाळ्यात पेज आणि खारा बांगडा, नाहीतर सुकट, हेच आमचं जेवण. डॉक्टर म्हणतात सुकं बंद. मग खायचं काय?
— हर्णै बंदराजवळून

उत्तर : सगळं सुकं एका पारड्यात घालणं बरोबर नाही. बोंबील, जवळा, करंदी ही बारीक किंवा पातळ मासळी बहुतेक ठिकाणी नुसत्या उन्हात वाळवतात. बांगडा, सुरमई, मोरी यांचं अंग जाड. आतपर्यंत ऊन पोचायच्या आत ती कुजायला लागतात, म्हणून त्यांना मीठ भरतात. खरा प्रश्न या खारवलेल्या मासळीचा. तयार खाऱ्या बांगड्यात वजनाच्या दहा ते वीस टक्के मीठ असू शकतं. पंधरा टक्के धरलं तरी ५० ग्रॅमच्या तुकडीत साडेसात ग्रॅम मीठ. दिवसाचा हिशोब त्या एका तुकडीतच आटोपला, पेजेतली चिमूट वेगळी.

बाजारात ओळखायचं कसं? अंगावर पांढरे कण दिसतात, मासळी किंचित ओलसर आणि वजनाला जड लागते. शंका असली तर कोरडा कण जिभेला लावून पाहा. ढगाळ हवेत वाळवलेल्या सुकटीलाही कधी मीठ मारलेलं असतं.

खारा बांगडा खायचाच असेल तर तो असा : डोकं काढून टाका आणि पोटातलं मीठ झटका. हाताएवढ्या तुकड्याऐवजी दोन बोटांचे तुकडे करा, म्हणजे पाणी आत शिरतं. माशाच्या चौपट-पाचपट पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी ओता, पुन्हा नवं पाणी, असं तीनदा. एकाच पाण्यात दोन तास ठेवून काम होत नाही. पाणी खारट झालं की माशातलं मीठ बाहेर यायचं मंदावतं. ते पाणी कालवणात वापरू नका. उकाड्यात तासन् तास भिजत ठेवू नका, वास येतो. शेवटी एक कण शिजवून चाखा आणि मगच आमटीचं ठरवा. बहुतेक वेळा वरून काही घालावं लागत नाही. एवढं करूनही मीठ उरतंच, म्हणून तो आठवड्यातून एखाद्या वेळी आणि छोटी तुकडी. बाकी दिवशी बिनमिठाचा जवळा : चाळून, दोन-तीन पाण्यांत पटापट धुऊन, पिळून, कांदा आणि कोकमावर परतायचा.

एक चूक मात्र करू नका. रक्तदाबाचं ऐकून घरी बांगडे खारवताना मीठ कमी घालणारे आहेत. साधारण चार किलो माशांना एक किलो मीठ हे प्रमाण सोडलं, तर मासा आतून सडतो, माशा बसून अळ्या पडतात. त्याहून वाईट, बांगड्यासारख्या माशात हिस्टामिन नावाचं बाधक द्रव्य तयार होतं. ते शिजवून जात नाही. खाल्ल्यावर अंग लाल होतं, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं. मीठ टिकवताना पुरतं घालायचं आणि खायच्या वेळी धुऊन काढायचं.

प्रश्न : आमच्या बचत गटाला कमी मिठाचं लोणचं आणि पापड विकायचे आहेत. मीठ निम्मं केलं तर चालेल का?
— राजापूर तालुक्यातून

उत्तर : वर्षभर टिकवायच्या कैरीच्या लोणच्यात नाही. तिथे मीठ चवीला नसून राखणीला आहे. ते निम्मं केलं की बरणीच्या तोंडाशी बुरशी येते, फोडी मऊ पडतात, आणि परत आलेल्या बरण्यांनी गटाचं नाव जातं. खारातल्या कैऱ्या आणि खारातले गरे यांनाही हेच लागू. मात्र हे दोन्ही भाजीत घालण्याआधी दोन-तीन पाण्यांत काढावेत आणि भाजीत मीठ घालू नये. विकायचंच असेल तर आठ दिवसांचं ताजं लोणचं विका : कैरी, लिंबाचा रस, मोहरी, मिरची, थोडं मीठ, छोट्या बरण्या, थंड जागेतच ठेवायच्या, तारीख ठळक.

पापडात मिठाखेरीज पापडखार असतो. तोही सोडियमचाच क्षार, पण खारट लागत नाही, म्हणून कुणी मोजत नाही. खाण्याच्या सोड्याचंही तसंच. एका सपाट चमच्यात सुमारे १२०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे तीन ग्रॅम मिठाएवढं. तांदळाच्या फेण्या, पोह्यांचे पापड यांत खार न घालता मीठ थोडं थोडं उतरवून पाहता येईल. ती कडक वाळलेली असली की टिकतात. पाकिटावर सोडियम लिहावं लागतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं : १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे दोन ग्रॅम मीठ. गिऱ्हाईक म्हणून दुकानातल्या पाकिटांनाही हाच गुणाकार लावा.

प्रश्न : सैंधव चालतं ना? आणि वरून घेताना मीठ भाजून घेतलं तर?
— चिपळूणहून

उत्तर : सैंधव, पादेलोण, मिठागरातलं खडे मीठ, सगळ्यांत मुख्य ऐवज सोडियम क्लोराईडच. रंगावर जाऊ नका. भाजल्याने मिठातला ओलावा उडतो, सोडियम जागेवर राहतं. उलट कोरड्या चमच्यात मीठ किंचित जास्तच मावतं. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली सत्याग्रह झाला, त्या मिठाबद्दल कोकणात जिव्हाळा आहे हे समजू शकतो. पण आगरातून थेट आणलेल्या खड्यांत आयोडीन घातलेलं नसतं. ते माडाच्या बुंध्याला आणि मासे खारवायला ठेवा. पानात आयोडीनयुक्तच, आणि थोडं.

प्रश्न : कमी सोडियमचं मीठ दुकानात मिळतं. ते आणलं तर प्रश्नच सुटला?
— अलिबागहून

उत्तर : काहींचा सुटतो, काहींचा वाढतो. या मिठात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. उत्तर चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर याचा अभ्यास झाला. पूर्वी पक्षाघात झालेले, किंवा साठीपुढचे आणि रक्तदाब नीट आटोक्यात नसलेले असे ते लोक. निम्म्या गावांना ७५ टक्के साधं आणि २५ टक्के पोटॅशियमचं मीठ दिलं. सुमारे पाच वर्षांत त्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी भरलं. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथेही आपल्यासारखंच बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकातून पोटात जातं, म्हणून तो अभ्यास आपल्याला जवळचा.

पण मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी गोळी चालू असेल तरी धोका वाढतो, आणि रक्तदाबाच्या कितीतरी रुग्णांना यातलीच एखादी असते. मधुमेह जुना असेल तर मूत्रपिंडाचं काही सांगता येत नाही. म्हणून आधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची रक्ततपासणी, मग गोळ्यांचं पाकीट डॉक्टरांना दाखवून निर्णय. गरोदर बाई किंवा लहान मूल घरात असेल तर सगळ्यांच्या डब्यात हे मीठ भरू नका. पोटॅशियम साचतं याच कारणाने मूत्रपिंडाच्या रुग्णांनी रोजचं शहाळंही विचारूनच घ्यावं.

प्रश्न : मामंजी म्हणतात, "अळणी आमटी दुखणेकऱ्याला दे." ताट बाजूला सारतात. चव राखून मीठ कसं कमी करू?
— कणकवली तालुक्यातून

उत्तर : त्यांना वेगळं शिजवू नका, सगळ्यांचं एकच ठेवा आणि सांगूही नका. आपल्याकडे मीठ दोन-तीनदा पडतं, ते आधी पकडा. तुकड्यांना मीठ-हळद लावून ठेवता, मग वाटणात घालता, मग आमटी उकळताना पुन्हा. लावायचं मीठ सोडा, नुसती हळद आणि लिंबाचा रस किंवा कोकमाचं पाणी पुरतं. तळायच्या तुकडीला मीठ बाहेरच्या रव्यात मिसळा. जिभेला आधी तेच लागतं, त्यामुळे निम्म्यात भागतं.

तिसऱ्या (शिंपले) उघडताना सुटणारं पाणी मुळात खारट असतं. ते आमटीत घालणार असाल तर मीठ शेवटी, चाखून. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, भरपूर मीठ असतं, हे सोलकढी करताना विसरायला होतं. आगळाऐवजी सोलं (सुकवलेली कोकमं) घ्या. सोलांनाही पुटं देताना मीठ लागलेलं असतं, म्हणून एकदा भराभर धुऊन मग कोमट पाण्यात भिजवा. कढीत वेगळं मीठ नको. आंबटाने खारटपणा उठून लागतो : कोकम, कैरी, बिंबलं, लिंबू. बांगड्याला तिरफळं ठेचून घाला, डाळीला लसणीची फोडणी खमंग द्या, ओलं खोबरं थोडं भाजून वाटा. भाकरीच्या उकडीतलं मीठ काढलंत तर आमटीबरोबर कुणाला कळतही नाही. सुरुवात तिथूनच करा.

आमटी खारट झाली तर बटाटा टाकून मीठ ओढलं जात नाही. बटाटा खारट होतो आणि तो आपणच खातो. पाणी किंवा नारळाचा रस वाढवून चव बसते, पण वाढलेली सगळी आमटी संपवली तर मीठ तेवढंच पोटात जातं.

प्रश्न : खाडीकाठच्या आमच्या विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. त्याचाही रक्तदाबाशी संबंध आहे का?
— देवगड तालुक्यातून

उत्तर : आहे. पाणी खारट लागू लागतं, तेव्हा त्यात लिटरमागे साधारण २०० मिलिग्रॅम सोडियम असतं. पिणं आणि स्वयंपाक मिळून तीन लिटर पोटात गेलं, तर दीड ग्रॅम मीठ पाण्यातूनच आलं. उकळून ते जात नाही. पाणी आटल्याने थोडं वाढतंच. तुरटी आणि साधी गाळणी यांचाही उपयोग नाही, आरओ यंत्राचा होतो. प्यायला आणि शिजवायला गोड्या विहिरीचं किंवा नळाचं पाणी आणा. धुण्याभांड्याला मचूळ चालेल. ग्रामपंचायतीमार्फत नमुना तपासून घ्या : क्लोराईड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १००० ही शेवटची मर्यादा. किनाऱ्यावर गोडं पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. पंप सलग चालवला की खालचं खारं वर ओढलं जातं. सकाळ-संध्याकाळ थोडा थोडा चालवा.

प्रश्न : उन्हात बागेत काम करतो, घामाने सदरा पांढरा होतो. तरी मीठ कमी करू? पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळीही चालू आहे.
— लांजा तालुक्यातून

उत्तर : पाच ग्रॅमचं ध्येय म्हणजे शून्य नव्हे. उन्हाची सवय झालेल्या शरीराच्या घामातून मीठ कमी जातं, आणि रोजच्या पेजेतून, आमटीतून ते भरून निघतं. वेगळं मीठ-पाणी पिण्याची गरज सहसा नसते, साधं पाणी मात्र वारंवार हवं. तुमची अडचण पाण्याच्या गोळीची आहे. ती मीठही बाहेर काढते. उठताना अंधारी आली, पायात गोळे आले, बोलणं किंवा विचार गोंधळला, तर सावलीत बसा आणि त्याच दिवशी तपासून घ्या. उन्हाळ्यापुरता डोस बदलावा लागू शकतो. मनाने गोळी बंद करू नका. जुलाब-उलट्या झाल्या तर "मला मीठ वर्ज्य" म्हणून जलसंजीवनी नाकारू नका. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट घ्या, आणि पाण्याची गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही ते केंद्रावर विचारा.