सिरपऐवजी ड्रॉप्सचा एक चमचा दिला तर चालेल का?

आपला प्रश्न असा आहे: मुलगा दोन वर्षांचा, वजन १० किलो, मागच्या तापात डॉक्टरांनी पॅरासिटामॉलचे सिरप 'एक चमचा' लिहून दिले होते, ते संपले, आता घरात त्याच औषधाचे ड्रॉप्स आहेत, त्यांचा एक चमचा पाजला तर चालेल का?

कृपया पाजू नका. मी लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो आणि पावसाळ्यात तापाची साथ आली की हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकावा लागतो.

औषध तेच असले तरी दोन्ही बाटल्यांतील त्याचे प्रमाण सारखे नसते. नेहमीच्या सिरपच्या ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, काहींमध्ये २५० असते; ड्रॉप्स मात्र तान्ह्या बाळाला थेंबांनी देता यावेत म्हणून घट्ट केलेले असतात आणि त्यांच्या एका मिलीतच बहुधा १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे ड्रॉप्सचा ५ मिलीचा चमचा भरला, की मोठ्या माणसाच्या एका गोळीइतके, ५०० मिलिग्रॅम औषध त्या लेकराच्या पोटात जाते. मुलांना एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम देतात. आपल्या मुलासाठी ते १०० ते १५० होते.

चमच्याचेही तसेच. तीन-चार वर्षांपूर्वी एक आजी नातवाला कडेवर घेऊन दुकानात आल्या. ड्रॉपर हरवला म्हणून त्यांनी सकाळपासून दोनदा चमच्यानेच औषध पाजले होते आणि आणखी एक बाटली मागत होत्या. मी त्यांच्या पिशवीतला तो पोह्यांचा स्टीलचा चमचा घेतला आणि सिरिंजने त्यात पाणी सोडून पाहिले. काठोकाठ ८ मिली मावले. दोन वेळचे मिळून १६०० मिलिग्रॅम झाले होते. मूल काउंटरवरच्या डब्याशी खेळत होते. "ताप उतरलाय, लेकरू खेळतंय की," असे आजी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि खरी भीती त्यातच असते. जास्त गेलेले पॅरासिटामॉल पहिल्या दिवशी थोडी मळमळ किंवा उलटी याखेरीज फारसे काही दाखवत नाही. यकृताला झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघडी पडते. त्यावर उतारा आहे, तो पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वाधिक उपयोगी पडतो. त्यांना मी लगेच सरकारी दवाखान्यात पाठवले. रक्ताच्या तपासण्या झाल्या, मूल तीन दिवसांनी सुखरूप घरी आले. ती बाटली माझ्याच दुकानातून गेली होती आणि ड्रॉपरविषयी मी तेव्हा एक शब्दही बोललो नव्हतो, याची खंत मला अजून आहे.

चिठ्ठीवर 'एक चमचा' लिहिण्याची आणि तोंडी तसेच सांगण्याची आपल्याकडची पद्धत मला मुळीच मान्य नाही. डॉक्टरांना मिलीमध्ये लिहून मागा, त्यात कसला संकोच? सर्दीच्या पातळ औषधांतही पुष्कळदा पॅरासिटामॉल असते, त्यामुळे ते चालू असताना तापाचे औषध वेगळे दिले तर मात्रा नकळत दुप्पट होते. खोक्यावरची नावे ताडून पाहा.

आपल्या हातातील बाटलीवर 'प्रत्येक मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम' असे छापले असेल, तर १० किलोच्या मुलाची एका वेळची मात्रा १ ते १.५ मिली येते, तीही त्याच बाटलीसोबतच्या ड्रॉपरने, किमान चार ते सहा तासांच्या अंतराने, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. आकडा वेगळा असेल तर हिशेबही बदलेल. म्हणून लेबलाचा फोटो काढून मुलाचे वजन डॉक्टरांना कळवा आणि त्यांच्याकडून मात्रा पक्की करून घ्या. ड्रॉपर नसेल तर मेडिकलमधून सुई नसलेली सिरिंज आणा आणि ठरलेल्या रेघेवर पेनाने खूण करून ठेवा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणी औषध पाजले तरी चूक होणार नाही.

हे वाचण्याआधीच चमचाभर दिले गेले असेल, तर घरी उलटी काढायला लावू नका. किती वाजता आणि किती दिले ते कागदावर लिहा, बाटली सोबत घ्या आणि मूल हसत-खेळत असले तरी आत्ताच दवाखाना गाठा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा.