फिलाडेल्फियात मुलं कंटाळू नयेत म्हणून ज्युनियर रेंजर कराच

तुम्ही विचारलंय की आईबाबा भारतातून आलेत, त्यांना आणि सहा नि नऊ वर्षांच्या दोन मुलांना घेऊन न्यू जर्सीहून फिलाडेल्फियाला जायचंय, पण जुन्या बिल्डिंगा बघून मुलं लगेच कंटाळतात, तर ते ज्युनियर रेंजर करण्यासारखं आहे का. अहो नक्की करा! आम्ही पण जर्सीवालेच, आणि आमच्या पोरांना इतिहासाची जी काही गोडी लागली ती या पुस्तिकांमुळेच असं मी छातीठोकपणे सांगेन.

प्रकार साधा आहे. नॅशनल पार्क सर्व्हिस म्हणजे अमेरिकेतली राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक जागा सांभाळणारं सरकारी खातं, त्यांच्या बऱ्याच ठिकाणी मुलांसाठी एक पुस्तिका मिळते, बहुतेक ठिकाणी फुकटच. त्यात शोधायचं, चित्र काढायचं, विचार करून लिहायचं असं काय काय असतं. ती भरून रेंजरला, म्हणजे तिथल्या युनिफॉर्ममधल्या कर्मचाऱ्याला दाखवायची, तो तपासतो, मग उजवा हात वर करून मुलं त्याच्या मागून शपथ म्हणतात आणि बिल्ला मिळतो. बिल्ल्याचं आकर्षण असतंच, पण मला त्यातलं सगळ्यात मोलाचं काय वाटतं सांगू, युनिफॉर्ममधला एक अनोळखी मोठा माणूस आपल्या पोराला विचारतो की तू काय पाहिलंस, आणि त्याचं उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतो. आपण आईबाप ते रोज करतोच असं नाही ना.

आता फिलाडेल्फिया. लिबर्टी बेलला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं प्रतीक मानतात त्या जुन्या घंटेला, तिकीट नाही, फक्त सिक्युरिटीची लाइन असते. सगळे जण ती तडा गेलेली जागा बघून फोटो काढतात नि पुढे जातात. तुम्ही मुलांना सांगा, घंटेवर पेनसिल्व्हेनियाचं स्पेलिंग शोधा, कारण त्यात एक एन कमी आहे! तेव्हा तसंही लिहायचे. शिवाय पास आणि स्टो ही नावं पण शोधायला लावा, मूळ घंटा लंडनहून आली आणि वाजवून बघतानाच तडकली, मग या दोघांनी ती वितळवून 1753 मधे परत ओतली. नऊ वर्षांचं मूल यावर गाडीत घरापर्यंत बोलत राहील बघा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि राज्यघटना जिथे झाली त्या इंडिपेन्डन्स हॉलला मात्र बहुतेक महिने वेळेचं तिकीट लागतं, ते आधी बुक करा. आत वॉशिंग्टनची खुर्ची आहे, तिच्या पाठीवर वरच्या बाजूला अर्धा सूर्य कोरलाय, तो उगवतोय की मावळतोय हे आजोबांनी नातवंडांना विचारायचं. हाच प्रश्न बेंजामिन फ्रँकलिनला 1787 मधे राज्यघटना तयार होत असताना तिथेच बसून पडला होता.

वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फियाजवळचं व्हॅली फोर्ज पण करा. इंग्रजांविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात, 1777-78 च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनचं सैन्य तिथे राहिलं, तशा लाकडी झोपड्या परत बांधून ठेवल्यात. चौदा बाय सोळा फुटांत बारा सैनिक! मुलांना आत उभं करा आणि बारा जण कसे झोपत असतील ते त्यांनाच ठरवू दे, आणि त्या मुक्कामात जवळजवळ दोन हजार माणसं गेली, बहुतेक आजारानेच, हेही सांगा, मुलांना झेपतं ते.

(हे सगळं बघताना मला दर वेळी आपले किल्ले आठवतात. 2025 मधे रायगड, शिवनेरी, राजगड धरून बारा किल्ले जागतिक वारशात गेले, आता तिथे प्रत्येक गडावर मराठीत अशी पुस्तिका आणि मुलांचं ऐकून घेणारा एक माणूस हवा, अगदी मनापासून वाटतं.)

बाकी, पुस्तिका आल्या आल्या मागून घ्या आणि बंद व्हायच्या निदान तासभर आधी परत दाखवायला जा, शेवटी घाई झाली की शपथेची मजा जाते. वयाचं म्हणाल तर साधारण पाच ते तेरा धरतात, पण कोणी अडवत नाही, आजी-आजोबांना पण एकेक पुस्तिका मागा.