आठी दिसली म्हणून लगेच भाव पाडू नकोस

अरे, काल यार्डात त्या व्यापाऱ्यानं हळकुंड मोडलं, कपाळाला आठी घातली आणि तू लगेच बोली शंभरानं खाली आणलीस. सांगलीत शेतकऱ्यांची हळद विकून द्यायची तर आधी कपाळ वाचायला शीक.

आठी म्हणजे नापसंतीच असं नसतं. आतला रंग निरखतानाही भुवया जवळ येतातच. डार्विननं १८७२ मध्येच लिहून ठेवलंय, विचारात किंवा कामात काही अडलं की माणसाच्या भुवया आकसतात. आणि उन्हात उभा राहिलेला माणूस तर आठ्या घालणारच!

खरी नाराजी बघायची तर नजर खाली आण. ओठ घट्ट मिटलेत का, नाक मुरडलंय का? आणि तो तुकडा? राशीवर हळूच ठेवला तर गिऱ्हाईक अजून हातात आहे. फेकला आणि पुढच्या ढिगाकडं निघाला, तर गेलं. काहीजण भाव पाडायला मुद्दाम आठ्या घालतात. आमचा एक जुना खरेदीदार वर्षानुवर्षं तसंच तोंड करून माल उचलतोय.

गप्प राहा, मग विचार, "काय अडलं, अण्णा?"

तू मात्र शेतकऱ्यासमोर आठी घालू नकोस. पोत्याचं तोंड सोडतानाच त्याची नजर तुझ्या कपाळावर असते.